जुईची फाइल: बारावी ते कॉलेज, प्रकल्प नोंदी

१ ऑगस्ट

नवी वही सुरू. माझी मुलगी जुई तिसरीनंतर शाळेत न जाता घरीच शिकते. आधीच्या वह्यांत तिने काय वाचलं, कुठे अडली, काय अर्धवट सोडलं ते सगळं आहे. या वहीत एकच काम: बारावी पुरी करून तिला कॉलेजात पोचवणं. तिचा बाबा, संदीप, म्हणाला, "ही वही नाही, फाइल आहे." बरं, फाइल.

आजची स्थिती. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या, म्हणजे एनआयओएसच्या बारावीचे चार विषय एप्रिलमध्ये झाले: इंग्रजी, गणित, रसायन, संगणक. भौतिकशास्त्र उरलं आहे, पण ते आळसाने नव्हे. तिथला नियमच असा, की दहावीनंतर वर्षभराने बारावीचे जास्तीत जास्त चार विषय देता येतात. पाचव्यासाठी दहावी होऊन दोन वर्षं जावी लागतात. दहावीच्या प्रवेशाला वयाची अट आहे, ३१ जुलैला चौदा पूर्ण. जुईचा वाढदिवस २८ जुलै. थोडक्यात बचावलो, नाहीतर ही फाइल बरीच पुढे गेली असती.

चार दिवसांपूर्वी तिला सोळा पूर्ण झाली. सगळं नीट पार पडलं तर पुढच्या जूनमध्ये, सतरा व्हायच्या आत, ती पदवीच्या पहिल्या वर्षाला असेल. वर्गातल्या बाकीच्या मुली अठराच्या.

वाटणी ठरली. अभ्यास तिचा. अर्ज, तारखा, कागद माझे. झेरॉक्स, फोटो आणि लागेल तिथे "पालकांची सही" संदीपची, कारण बेस्टच्या वर्कशॉपमधून घरी येताना झेरॉक्सचं दुकान त्याच्या वाटेवर आहे.

९ ऑगस्ट

नणंदेकडे सत्यनारायण. प्रसादाची वाटी हातात पडायच्या आत प्रश्न आला: "जुई आता कितवीत?"

जुई म्हणाली, "बारावी. एक विषय राहिलाय."

समोरच्या बाईंच्या चेहऱ्यावर जे व्हायचं ते झालं. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "होईल गं, पुढच्या वेळेला निघेल." जुईने काही खुलासा केला नाही. शिरा संपवला आणि त्यांच्या मुलाच्या कोडिंगच्या क्लासची चौकशी करत बसली. माझ्या जिभेवर सगळी नियमावली आली होती, गिळली.

मग नेहमीचं दुसरं: "तुमच्यातलीच ना ती, एमआयटीला गेलेली?" २०१६ ची बातमी आहे ती. मुंबईचीच मुलगी, दहावी-बारावीचा कागद नाही, संगणक ऑलिम्पियाडच्या पदकांवर थेट अमेरिकेत. आम्ही जुईला तिसरीनंतर शाळेतून काढलं तेव्हापासून ते कात्रण आम्हाला कुणी ना कुणी पाठवतंच आहे. नातेवाइकांची तोंडं बंद करायला उपयोगी आहे, ते नाकारत नाही. पण वाट म्हणून आमच्या काय कामाचं? तिच्याकडे ऑलिम्पियाडची पदकं होती. आमच्याकडे नायगावची दोन खोल्यांची जागा, माझी अर्धवेळ हिशेबाची नोकरी आणि विषय क्रमांक ३१२, म्हणजे राहिलेलं भौतिकशास्त्र, आहे.

२४ ऑगस्ट

भरतीची वही. ही मी काढायला लावलेली नाही, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

दर पावसाळ्याआधी महापालिका साडेचार मीटरच्या वर भरती येणाऱ्या दिवसांची यादी जाहीर करते, पेपरात छापून येते. शाळा सोडली त्या वर्षी मी ती कापून फ्रिजवर चिकटवली, जुईला दशांश अपूर्णांक शिकवायला. तिने आकडे बघितले आणि दादरच्या, पावसात तुंबणाऱ्या हिंदमाता चौकाबद्दल विचारलं, "मग त्या दिवशी हिंदमाताला पाणी भरतंच का?" मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, जाऊन बघू.

तेव्हापासून ती लिहिते. भरतीची वेळ, पाऊस कधी सुरू झाला, कधी थांबला, पाणी फुटपाथच्या वर आलं की नाही, किती वेळाने उतरलं. भरती दिवसातून दोनदा, साधारण बारा तास पंचवीस मिनिटांच्या अंतराने, म्हणून रोज जवळजवळ पन्नास मिनिटं पुढे सरकते, हे तिने पुस्तकात वाचायच्या आधी स्वतःच्या रकान्यांत पाहिलं. हिंदमाता म्हणजे बशी, चारी बाजूंचं पाणी तिथे येणार. ते रे रोडच्या ब्रिटानिया पंपिंग स्टेशनकडून समुद्रात जायचं. भरतीला समुद्राची पातळी नाल्यांच्या तोंडाच्या वर चढते, मग आपोआप काही वाहत नाही, उपसावं लागतं. आता प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली पाणी साठवायच्या टाक्या झाल्या आहेत. वहीतही टाक्यांच्या आधीची पानं आणि नंतरची पानं वेगळी दिसतात.

यातलं मी काही शिकवलेलं नाही, माझं बी. कॉम. झालंय. तिने लोकांना विचारलं. कापडाच्या दुकानदारांना, जे जूनमध्ये खालचा कप्पा रिकामा करतात आणि कोणत्या साली कितव्या कप्प्यापर्यंत पाणी आलं ते बोटाने दाखवतात. मॅनहोलपाशी काठी घेऊन उभ्या असलेल्या पालिकेच्या कामगाराला. वाहतूक हवालदाराला. पहिल्या वर्षी ती माझ्या मागे उभी राहायची आणि मी विचारायचे. पुढे मी मागे उभी राहायला लागले. नंतर मी छत्री घेऊन पलीकडे चहाच्या टपरीवर.

काम: यावर दोन पानी टिपण तयार करून फाइलला लावणं. कॉलेजात कुणी मागणार नाही, पण असावं. जुईचं म्हणणं, अजून निष्कर्ष नाही. मी म्हटलं, दोन पानांना निष्कर्ष लागत नाही. वाद तहकूब.

१७ सप्टेंबर

भौतिकचे टीएमए लिहून पाठवले. घरून लिहायचे स्वाध्याय, त्यांना वीस टक्के गुण. जुईला ते आवडत नाहीत कारण उत्तराला शब्दमर्यादा असते. मला आवडतात, कारण शब्दमर्यादा असते.

५ ऑक्टोबर

मद्रास आयआयटीचा डेटा सायन्सचा ऑनलाइन बीएस अभ्यासक्रम. तिने स्वतः शोधला, मला अर्ज भरून झाल्यावर कळलं. माहिती नीट लिहून ठेवते, कुणी विचारलं तर सांगता येईल.

जेईई लागत नाही. अकरावी झालेला विद्यार्थीही अर्ज करू शकतो, वयाची अट नाही. आधी चार आठवडे घरी शिकवतात: गणित, संख्याशास्त्र, संगणकीय विचारपद्धती, इंग्रजी. दर आठवड्याला स्वाध्याय. त्यात ठरावीक सरासरी आली तर क्वालिफायर परीक्षेला बसता येतं, आणि ती परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची, चार तासांची. पास झाली तर जागा पक्की, मात्र प्रत्यक्ष प्रवेश बारावीनंतर.

माझा आक्षेप: भौतिक बाजूला पडेल. तिचं उत्तर: भौतिकचा पेपर एप्रिलमध्ये आहे आणि एका विषयाला कुणी वर्ष देत नाही. दोन्ही मुद्दे बरोबर. मतदानात संदीपने दोघींना अर्धं अर्धं मत दिलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

टीआयएफआरचा "चाय अँड व्हाय" कार्यक्रम, माटुंग्याला रुपारेल कॉलेजात. २००९ पासून चालू आहे. शास्त्रज्ञ येतात, रविवारी सकाळी सामान्य माणसांसमोर बोलतात, वाटेल ते विचारा. जुई लहान होती तेव्हापासून आम्ही जातोय, आमच्याकडे हा कार्यक्रम वेळापत्रकातच असतो.

आज व्याख्यानानंतर प्रश्नांची वेळ आली. पुढे दोन गृहस्थ होते, त्यांनी प्रश्नाच्या नावाखाली आपापली मतं सांगितली. मग जुई उठली. म्हणाली, "तुम्ही दुसऱ्या आलेखात एक बिंदू रेषेपासून लांब होता त्याबद्दल काही बोलला नाहीत. तो मोजताना चुकला, की खरंच तसा आहे?"

वक्ते थांबले. परत मागे जाऊन तो आलेख लावला. म्हणाले, खरं सांगायचं तर आम्हालाही खात्री नाही, आणि मग पुढची दहा मिनिटं त्या एका बिंदूवर गेली. मला त्यातलं निम्मं कळलं नाही.

माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "कुठल्या कॉलेजची मुलगी हो?" मी म्हटलं, "माझी आहे." त्यांनी विचारलेलं ते नव्हतं, कळलं मला. पण तोंडातून तेच आलं, आणि परत विचारलं असतं तरी तेच आलं असतं.

घरी येताना दादरला उतरून मी स्वतःहून मिसळ खाऊ घातली. कारण सांगितलं नाही. "वर्षभर आधी कॉलेजात जाणार, केवढा अभिमान वाटत असेल," असं लोक म्हणतात तेव्हा मला काय बोलावं ते सुचत नाही. एक वर्ष वाचलं, त्याचं काय करायचं, बँकेत ठेवायचं? अभिमान वाटतो तो त्या आलेखाच्या प्रश्नाचा. अनोळखी माणसांनी भरलेल्या सभागृहात आपल्याला कळलं नाही ते उभं राहून म्हणायचं, आणि समोरच्यालाही विचारात पाडायचं. एवढं येत असेल तर सोळाव्या वर्षी जा नाहीतर विसाव्या.

७ डिसेंबर

क्वालिफायर झाली. बाहेर आली तेव्हा आधी भूक, मग पेपर. "स्टॅट्स मस्त होतं." इंग्रजीबद्दल गप्प.

२२ डिसेंबर

क्वालिफायर पास. इंग्रजीतही. संदीपने वर्कशॉपमध्ये पेढे वाटले आणि सगळ्यांना "आयआयटी" एवढंच सांगितलं. "ऑनलाइन" आणि "बारावीनंतर" हे दोन शब्द त्याने घरीच ठेवले. आता तिथले चार-पाच जण आपल्या पोरांना घेऊन रविवारी येणार आहेत, ही कशी गेली ते विचारायला. सांगेल जुईच.

१२ जानेवारी

कॉलेजांची चौकशी. तीन ठरवली आहेत, सगळी दादर-माटुंगा पट्ट्यातली, कारण रोजचे दोन तास लोकलला द्यायचे नाहीत हा तिचा नियम. बीएस्सी, मेजर भौतिकशास्त्र. नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता मेजर, मायनर, दुसऱ्या शाखेतला एक ओपन इलेक्टिव्ह अशी मांडणी आहे, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. मायनर संख्याशास्त्र मिळेल तिथे झुकतं माप.

एका कॉलेजातली हकिगत, नाव लिहीत नाही. खिडकीवर मॅडम. मी मागे, जुई पुढे.

"एलसी आणा."

"मी मुक्त विद्यालयाची आहे, मॅडम. शाळेचा दाखला तिसरीचा आहे."

"तिसरीचा? मग चौथी ते बारावी कुठे होतीस?"

"घरी."

मॅडमनी चष्मा काढला. मागच्या रांगेतला एक मुलगा हसला. मला वाटलं आता मी बोलावं: शिक्षणहक्क कायदा, सहा ते चौदा, पालकांचे अधिकार, सगळं भाषण तयार असतं माझ्याकडे. जुईने मान न वळवता हात जरा मागे केला, थांब या अर्थाने. आणि विचारलं, "मॅडम, मुक्त विद्यालयाची मुलं याआधीही तुमच्याकडे आली असतील ना? त्यांनी एलसीच्या जागी काय लावलं होतं?"

मॅडम उठल्या. कपाटातून एक जुनं रजिस्टर काढलं, पानं उलटली, आतल्या सरांना हाक मारली. पाच मिनिटांनी आल्या त्या वेगळ्याच आवाजात. "मायग्रेशन कम ट्रान्सफर सर्टिफिकेट असतं त्यांचं. ते चालतं. शिवाय विद्यापीठाची एलिजिबिलिटी काढावी लागेल, बोर्ड बाहेरचं आहे ना. लिहून घे." आणि कुठल्या कागदाच्या किती प्रती ते स्वतः सांगितलं. वर म्हणाल्या, "जूनमध्ये गर्दीत उभी राहू नकोस, सरळ माझ्याकडे ये."

माझ्या भाषणाने हे झालं नसतं. मी बरोबर ठरले असते आणि हात हलवत घरी आलो असतो.

कागदांची यादी आता तिच्या अक्षरात फाइलला लावली आहे. माझ्याकडे होती तिच्यापेक्षा बरी आहे.

२० फेब्रुवारी

प्रॅक्टिकल चालू, अभ्यासकेंद्रावर. घरी लंबक करता येतो, भिंग करता येतं, मीटर ब्रिज कुठून आणणार? केंद्रावरचे सर कडक आहेत. जर्नल दोनदा परत दिलं, "निरीक्षणं खोडायची नाहीत, आडवी रेघ मारून बाजूला नवं लिही" म्हणून. जुई घरी येऊन म्हणाली, हे भरतीच्या वहीतही करायला हवं. आता जुन्या वहीत पांढरी शाई कुठे कुठे लावली ते शोधत बसली आहे.

१४ एप्रिल

बाबासाहेबांची जयंती. नायगावात आज अभ्यास होणं शक्य नाही. रात्रीपासून ढोल, सकाळी मिरवणूक, खिडकीच्या काचा वाजतायत. जुई पुस्तक मिटून खाली गेली. आठवड्यावर पेपर आहे, पण मी काही बोलले नाही. आज मी पण खालीच होते.

मजल्यावरचे तात्या, गिरणीत होते, आता पंचाऐंशीच्या घरात. त्यांना खुर्ची देऊन जिन्यापाशी बसवलं होतं. शेजारच्या वहिनी मला म्हणत होत्या, "सोळा म्हणजे फारच लहान हो कॉलेजला, मोठ्या मुलांत कशी निभेल?" तात्यांना ऐकू कमी येतं असं सगळे समजतात. ते म्हणाले, "१९०७ ला मॅट्रिक, १९०८ ला एल्फिन्स्टन. वय काढा किती होतं ते." वहिनींनी बोटं मोजली. १८९१ चा जन्म, एप्रिलचा. सोळा.

"आणि अभ्यासाला जागा कुठे होती? परळच्या चाळीत," तात्या म्हणाले. मग जुईकडे बघून: "तुला तर खोलीत पंखा आहे."

त्यावर काय बोलणार! ती वर जाऊन दोन तास बसली, ढोलासकट.

२३ एप्रिल

भौतिकचा पेपर झाला.

केंद्राबाहेरची गर्दी लिहून ठेवावीशी वाटते. साईचा, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचा, ट्रॅकसूट घातलेला एक कबड्डीपटू. कडेवर मूल घेतलेल्या आजीबाई, कारण मुलाची आई आत पेपर लिहीत होती. गॅरेजमधून थेट आलेला एक मुलगा, नखांत ग्रीस, तो जुईला गेल्या वर्षीच्या परीक्षेपासून ओळखतो. एक गृहस्थ माझ्याहून मोठे, त्यांची बढती बारावीवाचून अडली आहे. "मुक्त विद्यालय म्हणजे नापासांची शाळा" असं ऐकते तेव्हा ही माणसं डोळ्यांसमोर येतात. नापास झालेलीही असतील. परत आली ना बसायला?

जुईचं म्हणणं, वर्गमैत्रिणी नाहीत असं लोक तिला म्हणतात, पण ग्रीसवाल्याने तिला कार्बोरेटर समजावून सांगितला होता आणि तिने त्याला त्रिकोणमिती. आजच्या पेपराबद्दल: "एक गणित राहिलं. येत होतं, वेळ गेला."

३० मे

सगळ्यात वाईट महिना, थोडक्यात लिहिते.

राज्य मंडळाचा बारावीचा निकाल मेच्या सुरुवातीलाच लागला. विद्यापीठाची प्रवेशपूर्व नोंदणी सुरू झाली, कॉलेजांचे फॉर्म आले, पहिली मेरिट लिस्टही लागली. आमचा निकाल नाही. चार विषयांचे गुण हातात आहेत, पण पाच झाल्याशिवाय एकत्रित गुणपत्रिका नाही, आणि टक्केवारीचा रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. त्यात प्रत्येक कॉलेज आधी इनहाउस मुलांना घेणार, म्हणजे ज्यांनी अकरावी-बारावी तिथेच केली त्यांना. उरलेल्या जागांत बाहेरची, त्यात आपण, आणि आपण अजून रांगेतही नाही.

मी रात्री दोन वाजता निकालाची वेबसाइट उघडून बघते. जुई झोपलेली असते. सकाळी मला म्हणाली, "आई, मूळ विज्ञानाला एवढी झुंबड नसते गं. गर्दी बीएमएस आणि कॉम्प्युटर सायन्सला. मी जानेवारीतल्या त्या मॅडमना फोन केला होता, त्या म्हणाल्या गेल्या वर्षी भौतिकच्या जागा तिसऱ्या यादीनंतरही होत्या."

हे तिला दहा दिवसांपूर्वीच कळलं होतं. मी विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाली, "तू विचारलं नाहीस."

१९ जून

निकाल लागला. भौतिकमध्ये ८४. एकूण टक्केवारी लिहिणार नाही, तिने बजावलं आहे. चांगली आहे.

सासूबाईंना फोनवर सांगितलं. त्यांनी ताबडतोब विचारलं, "मग तो राहिलेला विषय निघाला का?" निघाला, आई. निघाला.

२५ जून

प्रवेश झाला. जानेवारीतल्याच खिडकीवर. मेजर भौतिक, मायनर संख्याशास्त्र, ओपन इलेक्टिव्ह अर्थशास्त्रातलं. मॅडमनी जुईला ओळखलं आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ही ती, चौथी ते बारावी घरी."

मायग्रेशन कम ट्रान्सफरचं मूळ प्रमाणपत्र कॉलेजात जमा. प्रोव्हिजनल एलिजिबिलिटीचा फॉर्म भरला. एबीसी आयडी डिजिलॉकरवरून काढला, तो आता लागतोच: प्रत्येक सत्राचं क्रेडिट त्यात जमा होतं, मध्येच कॉलेज बदललं तरी सोबत नेता येतं. फी संदीपने भरली आणि पावतीचे तीन झेरॉक्स काढून आणले. एकही मागितला नव्हता.

मद्रासचं काय करायचं? २०२२ पासून यूजीसी एकाच वेळी दोन पदव्या करू देतं, एक प्रत्यक्ष वर्गातली, दुसरी ऑनलाइन. नियमांचा अडसर नाही. सप्टेंबरच्या टर्मला बसायचं की नाही हे जुईने ऑगस्टवर ढकललं आहे. प्रॅक्टिकलचे दिवस किती खातात ते आधी बघणार. माझं मत मी एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायला तोंड उघडलं होतं.

१२ जुलै

पहिला आठवडा. माझ्याकडे माहिती फार कमी आहे. पूर्वी ही वही लिहायला मी तिथे असायचे, आता सांगेल तेवढंच.

कळलं ते असं. वर्गात तिचं वय कुणाला कळलं नव्हतं, मग एकीने आधार कार्डावरची तारीख पाहिली आणि आता सगळे "बाळ" म्हणतात. तिला चालतं म्हणे. पहिल्या प्रॅक्टिकलला व्हर्नियर कॅलिपर होता, त्याची शून्य त्रुटी तिने आणि तिच्या जोडीदारणीने वेगवेगळी काढली, दोघींचं जुळेना, म्हणून सरांना विचारलं. सर म्हणाले दोघींचंही चूक आहे, परत काढा. हे सांगताना ती इतकी खूश होती की मला वाटलं बक्षीस मिळालं.

रेल्वे कन्सेशनचा फॉर्म कॉलेजातून घेतला, तिमाही पास काढला. स्वतःच.

२६ जुलै

सकाळपासून पाऊस, दुपारी भरती. २००५ साली याच तारखेला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता. मुंबईत आजच्या दिवशी ढग आले की लोक आपोआप मुलांना फोन करतात. मीही केला. उचलला नाही.

साडेचारला मेसेज: "हिंदमाताला आहे, चौघं आहोत, पाणी नाहीये अजून." झालं असं, की भरतीची वही तिने प्रॅक्टिकलच्या सरांना दाखवली. सरांनी बघून सांगितलं, निरीक्षणं चिकाटीची आहेत, पण तू जिथे उभी होतीस तेवढंच यात आहे. एकाच वेळी चार ठिकाणी मोजलं तर काही कळेल. मला इतक्या वर्षांत हे सुचलं नव्हतं, आणि सुचलं असतं तरी चार माणसं कुठून आणली असती? आता वर्गातले तिघे, एक हिंदमाताला, एक परळला, एक दादर टीटीला, आणि ही त्यांच्यामध्ये फिरते. पट्ट्या मी शिवणकामाच्या डब्यात ठेवल्या होत्या त्या न विचारता नेल्या आहेत.

आठला चौघंही घरी आली, ओली. वरणभात पुरला नाही, पुन्हा कुकर लावला. एक मुलगा पुण्याचा, त्याला भरतीचं कोष्टक वाचता येत नव्हतं. जुई त्याला शिकवत होती, फ्रिजवरच्या कात्रणावरून. अर्ध्यात तिला थांबवून त्याने विचारलं, "पण मग ओहोटीलाही कधी कधी पाणी भरतं, ते का?"

जुई म्हणाली, "माहीत नाही. उद्या ब्रिटानियाला जाऊन विचारू या का?"

उरलेली कामं: एलिजिबिलिटीचं अंतिम पत्र, ऑक्टोबरपर्यंत. मद्रासचा निर्णय, ऑगस्ट. दोन्ही जुईकडे दिली. शिवणकामाची टेप नवी आणणे, माझ्याकडे.